तांबे-सोने निघते, मग निओडायमियम कुठे जाते?

धातुवेध

नमस्कार. पुण्याजवळ भोसरीला ई-कचऱ्याची तोडणी करणाऱ्या एका लहान कारखान्यात मी गेली नऊ वर्षे काम करतो आहे. दोन आठवड्यांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगामुळे हा धागा काढतो आहे, कारण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही आणि धातुशास्त्र, कायदा व प्रत्यक्ष भंगार या तिन्ही बाजू जाणणारी मंडळी येथे आहेत.

आमच्याकडे एका कार्यालयातून जुन्या हार्ड डिस्कचा मोठा माल आला. त्यांची अट अशी होती की प्रत्येक डिस्क न उघडता, अखंड श्रेडरमध्ये, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्रात, जावी आणि त्याचे चित्रीकरण त्यांना मिळावे. माहितीची गुप्तता राखण्यासाठी अशी अट बहुतेक मोठी कार्यालये घालतात आणि त्यामागची काळजी योग्यही आहे. दिवसभर काम चालले. संध्याकाळी यंत्र बंद करून आम्ही पाती साफ करायला बसलो, तेव्हा आतल्या पोलादी भिंतींना आणि पात्यांमधल्या फटींना करड्या रंगाची भुकटी घट्ट चिकटलेली दिसली. पत्र्याने खरवडली तरी ती सुटत नव्हती, सुटली की पत्र्यालाच चिकटत होती. ती भुकटी म्हणजे डिस्कच्या आत असलेल्या निओडायमियम, लोह आणि बोरॉन यांच्या चुंबकांचा चुरा होता. शेवटी आम्ही ती लोखंडाच्या ढिगावर टाकली, कारण आमच्याकडे दुसरा ढीगच नाही.

संगणकाच्या साडेतीन इंची हार्ड डिस्कमध्ये साधारण १० ते २० ग्रॅम वजनाचे असे चुंबक असते आणि त्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के भाग निओडायमियम व त्याच्या भावंडांचा, म्हणजे दुर्मीळ मृदा धातूंचा असतो. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२३ मध्ये देशासाठी अत्यावश्यक अशा ३० खनिजांची यादी जाहीर केली, तिच्यात दुर्मीळ मृदा आहेत, तसेच लिथियम, कोबाल्ट, गॅलियम, जर्मेनियम, इंडियम, टॅन्टलम हेही आहेत. हे सारे आमच्या कारखान्याच्या फरशीवर रोज पडलेले असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, त्यातला २२.३ टक्केच रीतसर नोंद होऊन गोळा झाला आणि दुर्मीळ मृदांच्या जागतिक मागणीपैकी जेमतेम १ टक्का ई-कचऱ्यातून भागते. उरलेला माल कुठे जातो, याचे एक उत्तर मी त्या संध्याकाळी माझ्या हाताने लोखंडाच्या ढिगावर टाकले.

आता मला छळणारा प्रश्न मांडतो. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत वस्तूंची संख्या २१ वरून १०६ झाली आणि उत्पादकांनी पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडून, कचऱ्यातून धातू परत मिळवल्याची प्रमाणपत्रे विकत घेण्याची पद्धत आली. ही प्रमाणपत्रे ज्या धातूंवरून मोजली जाऊ लागली ते चार आहेत : सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड. म्हणजे ज्या चुंबकाच्या चुऱ्यात देशाला हवा असलेला धातू आहे, त्याचे मोल आमच्या वहीत लोखंड म्हणूनच होते. १५ ग्रॅमचे चुंबक वेगळे काढून ठेवले तर आमचे लोखंड तेवढ्याने कमी भरते. वेगळे काढणाऱ्याला जर नियमाच्या हिशेबात तोटाच होत असेल, तर हा धातू परत मिळवण्याची भाषा कोणासाठी आहे?

मला असे वाटते की दुर्मीळ धातू हातचे जातात ते रसायनशाळेत अडचण येते म्हणून नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, वस्तू फोडण्याच्या क्षणी. माझे हे म्हणणे चुकीचे असेल तर कृपया दुरुस्त करावे.


जुना_फोरमन

धातुवेध, तुमचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते पुरते पटण्यासाठी भट्टीत काय होते ते समजून घ्यावे लागेल. मी आयुष्यभर धातुशोधनाच्या क्षेत्रात होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुम्ही ढिगावर टाकलेली भुकटी व्यापाऱ्यामार्फत बहुधा जालन्यासारख्या एखाद्या ठिकाणच्या पोलादाच्या भट्टीत जाईल, कारण आपल्याकडचे भंगार लोखंड मोठ्या प्रमाणात तिकडे वितळते. निओडायमियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा फार अधिक असते. वितळलेल्या लोखंडात तो पडताक्षणी आसपासचा ऑक्सिजन पकडतो, त्याचे ऑक्साइड बनते आणि ते वर तरंगणाऱ्या धातुमळीत जाते. ती मळी पुढे भरावाला जाते. केरळच्या वाळूत मिळणाऱ्या मोनाझाइट या खनिजात वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग दुर्मीळ मृदांच्या ऑक्साइडांचा असतो, तुमच्या चुंबकात जवळजवळ एक-तृतीयांश भाग त्या धातूंचा असतो आणि मळीत तो टक्क्याच्या किरकोळ अंशावर येतो. मिठाची चिमूट विहिरीत टाकल्यावर ते मीठ परत काढता येत नाही असे नाही, परंतु त्यासाठी सारी विहीर आटवावी लागते.

आता सर्किट बोर्डाकडे वळू. ई-कचऱ्यातून सोने काढणे जगभर फायद्याचे ठरले, यामागे तांब्याचा एक मोठा गुण आहे. वितळलेले तांबे सोने, चांदी, पॅलेडियम यांना आपल्या पोटात घेते. पुढे त्या तांब्याचे विद्युत-शुद्धीकरण केले की हे मौल्यवान धातू टाकीच्या तळाशी गाळ म्हणून साचतात आणि त्या गाळातून ते निघतात. म्हणून बोर्ड अखंड भट्टीत टाकले तरी सोने हरवत नाही. त्याच बोर्डावर पिवळ्या किंवा काळ्या रंगाचे, एका टोकाला पट्टी असलेले छोटे चौकोनी कपॅसिटर असतात, त्यांत टॅन्टलम असते. टॅन्टलम तांब्याबरोबर जात नाही, ते ऑक्साइड होऊन मळीत जाते. एकाच बोर्डावरचे दोन धातू, एक तांब्याच्या सोबतीने तरतो आणि दुसरा मळीत बुडतो. हा निसर्गनियम आहे आणि भट्टी कितीही आधुनिक असली तरी तो बदलत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष तुमच्या बाजूचाच आहे. जे धातू तांब्यासोबत जातात त्यांच्यासाठी मोठी भट्टी पुरेशी आहे. जे जात नाहीत, म्हणजे दुर्मीळ मृदा, टॅन्टलम, लिथियम, ते भट्टीच्या दारातून आत जाण्यापूर्वीच वेगळे व्हायला हवेत. नंतरची रसायनविद्या अवघड असली तरी अज्ञात नाही. आम्लात विरघळवून द्रावकाच्या साहाय्याने एकेक दुर्मीळ मृदा वेगळी करण्याची विद्या आपल्याकडे इंडियन रेअर अर्थ्‌सने, म्हणजे आताच्या आयआरईएलने, केरळात आलुवा येथे अनेक दशके सांभाळली आहे. ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात चुंबकाला हायड्रोजन वायूत ठेवून त्याची आपोआप भुकटी करण्याची पद्धत विकसित झाली, तिच्यात तर आम्लही लागत नाही आणि त्या भुकटीपासून थेट नवे चुंबक घडवता येते. सर्किट बोर्डांवरचे काम सी-मेट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या हैदराबाद केंद्रात झाले आहे, आणि त्या संस्थेची एक प्रयोगशाळा तुमच्याच पुण्यात आहे.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. ती भुकटी कोरडी साठवू नका. निओडायमियम चुंबकाचा बारीक चुरा हवेत पेट घेऊ शकतो. श्रेडरमध्ये ठिणग्या दिसल्या असतील तर त्यांचे एक कारण हेही असू शकते.


सांजवेळ

मी या क्षेत्रातली नाही, म्हणून साधा प्रश्न विचारते. एक डिस्क उघडून चुंबक काढायला किती वेळ लागतो आणि त्या चुंबकाला आज कोणी पैसे देते का? या दोन गोष्टी कळल्या तर बाकीची चर्चा मला नीट समजेल.


धातुवेध

सांजवेळ, झाकणावर तारेच्या आकाराच्या खाचेचे सहा-सात स्क्रू असतात आणि त्यांपैकी एक बहुधा चिकटपट्टीखाली लपवलेला असतो. सराव झालेला कामगार दोन ते तीन मिनिटांत डिस्क उघडून चुंबकाची पट्टी बाहेर काढतो. चुंबक त्या पोलादी पट्टीला डिंकाने घट्ट चिकटवलेले असते, ते सोडवायला आणखी वेळ लागतो आणि ओढताना बोटे सापडून रक्त निघते, म्हणून आम्ही पट्टीसकटच ठेवतो. गिऱ्हाईक म्हणाल तर आमच्या परिसरात शाळेतल्या प्रयोगांसाठी किंवा हौसेपोटी चुंबक नेणारे येतात. धातू म्हणून नेणारा अजून माझ्याकडे कोणी आलेला नाही.

फोरमनकाका, भुकटीविषयीची सूचना आजच सर्वांना सांगितली. ठिणग्या आम्ही पाहिल्या होत्या आणि पोलादावर पोलाद घासल्यामुळे त्या येतात असे समजत होतो.


चिकित्सक

या धाग्यात आतापर्यंत झालेले विवेचन मला मान्य आहे, तरी दोन गोष्टी नेमक्या करून ठेवाव्यात असे वाटते.

पहिली गोष्ट चीनने निर्यातीवर घातलेल्या निर्बंधांची. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी ज्या सात दुर्मीळ मृदांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, त्या समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम या होत. निओडायमियम त्या यादीत नव्हते. परंतु विजेच्या मोटरीतल्या उष्णतेत चुंबकाने आपली शक्ती गमावू नये म्हणून त्यात थोडे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात, आणि असे चुंबकही निर्बंधात आले. त्यामुळे त्या वर्षी विजेवर चालणारी वाहने बनवणाऱ्या आपल्या कंपन्यांची, पुणे परिसरातल्या कंपन्यांसह, ओढाताण झाली. आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटमध्ये निओडायमियम आहे, डिस्प्रोसियम मात्र अत्यल्प आहे. म्हणून मला असे वाटते की हार्ड डिस्कपेक्षाही विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या व वातानुकूलन यंत्रांच्या जुन्या मोटरींतले चुंबक अधिक जपायला हवे. जे आपल्या जमिनीत जवळजवळ नाही, ते त्या मोटरींत आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. धातुवेध म्हणतात की धातू फोडण्याच्या क्षणी हरवतो. ते खरे, पण तो बाजारातही हरवतो. २०१० मध्ये जपानशी सागरी वाद झाल्यावर चीनकडून होणारा पुरवठा आखडला, २०११ मध्ये दुर्मीळ मृदांचे भाव गगनाला भिडले आणि फ्रान्समध्ये ला रोशेल येथे सोल्व्हे या कंपनीने २०१२ च्या सुमारास जुन्या नळीदिव्यांच्या पांढऱ्या भुकटीतून इट्रियम, युरोपियम, टर्बियम काढण्याचा उद्योग सुरू केला. तंत्र यशस्वी होते. पण भाव कोसळले, एलईडी दिव्यांनी नळीदिव्यांची जागा घेतली आणि २०१६ मध्ये ते काम थांबले. भाव चढले की पुनर्चक्रीकरणाचे कारखाने उभे राहतात, उभे राहीपर्यंत भाव उतरतात. त्यामुळे केवळ बाजारभावावर विसंबून चुंबकाला गिऱ्हाईक मिळेल ही आशा मी धरणार नाही. किमान खरेदीची हमी देणारा कोणीतरी हवा, आणि तो सरकारच असू शकतो.

आपल्याकडे निधी आलेला आहे हेही नोंदवतो. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अत्यावश्यक खनिज अभियान मंजूर झाले आणि त्याचा भाग म्हणून ३ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पुनर्चक्रीकरणासाठी १,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेस मान्यता दिली. ई-कचरा, लिथियम-आयन बॅटऱ्यांचे भंगार आणि गाड्यांच्या धुराड्यातले उत्प्रेरक यांतून वर्षाला सुमारे ४० हजार टन अत्यावश्यक खनिजे मिळावीत अशी अपेक्षा आहे. एक-तृतीयांश निधी लहान व नव्या उद्योगांसाठी राखलेला आहे.


होबोकेनचा_शेजारी

मी मूळचा सांगलीचा, सध्या बेल्जियममध्ये अँटवर्प शहरात राहतो. शहराच्या दक्षिणेला होबोकेन येथे उमिकोर कंपनीचा जगप्रसिद्ध कारखाना आहे. सर्किट बोर्ड, औद्योगिक गाळ, जुने उत्प्रेरक अशा मिश्रणातून तेथे १७ धातू वेगळे काढले जातात. फोरमनकाकांनी सांगितलेली तांब्याची करामत तेथे कळसाला पोहोचली आहे. तांब्याच्या जोडीला शिशाचाही उपयोग होतो, त्यामुळे अँटिमनी, बिस्मथ, टेल्युरियम, इंडियम हेही हाती लागतात. परंतु दुर्मीळ मृदा आणि टॅन्टलम या भट्टीतही मळीत जातात. म्हणजे हा प्रश्न गरीब देशातल्या मागास तंत्राचा नाही, हे भोसरीतल्या आपल्या मित्राने मनावर घ्यावे. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या कारखान्याला लागून असलेल्या वस्तीतील लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी येथे वर्षानुवर्षे होत असते. उत्तम भट्टीलाही शेजार असतो, आणि आपल्याकडे अशी भट्टी उभारताना ती तपासणी पहिल्या दिवसापासून व्हायला हवी.

युरोपीय संघाचा अत्यावश्यक कच्च्या मालाचा कायदा मे २०२४ मध्ये लागू झाला. २०३० पर्यंत अशा मालाच्या वार्षिक गरजेपैकी २५ टक्के गरज पुनर्चक्रीकरणातून भागवण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. माझ्या मते याहून महत्त्वाचा आहे तो २०२३ चा बॅटरीविषयक कायदा, कारण त्यात प्रत्येक धातूचे नाव घेऊन आकडा दिला आहे. टाकाऊ बॅटरीतले लिथियम २०२७ अखेर ५० टक्के आणि २०३१ अखेर ८० टक्के परत मिळालेच पाहिजे. कोबाल्ट, निकेल व तांब्यासाठी हेच आकडे ९० आणि ९५ टक्के आहेत. धातूचे नाव कायद्यात आले की तो धातू ढिगात हरवू देणे महाग पडते.


कोष

होबोकेनच्या मित्राने बॅटरीचा विषय काढला म्हणून लिहिते. मी लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रीकरणात काम करते.

आपले बॅटरी कचरा नियमही २०२२ चे आहेत आणि ते कागदावर कडक आहेत. लहान, हाती नेण्याजोग्या उपकरणांच्या आणि विजेच्या गाड्यांच्या बॅटरीच्या कोरड्या वजनापैकी ७० टक्के सामग्री २०२४-२५ मध्ये, ८० टक्के २०२५-२६ मध्ये आणि ९० टक्के २०२६-२७ पासून परत मिळवायची आहे. मात्र हा हिशेब एकूण वजनाचा आहे. बॅटरीच्या वजनात पोलादी किंवा ॲल्युमिनियमचे कवच, तांब्याचा पत्रा आणि ग्रॅफाइट यांचाच वाटा मोठा असतो आणि लिथियम काही टक्केच असते. सगळे जड पदार्थ काढले आणि लिथियम सोडून दिले तरी वजनाच्या उद्दिष्टाला विशेष धक्का लागत नाही. धातुवेध यांच्या चुंबकाचे जे झाले, तेच येथे लिथियमचे होते.

आमच्या धंद्यात कापलेल्या आणि चाळलेल्या बॅटरीच्या काळ्या भुकटीला ब्लॅक मास म्हणतात. कोबाल्ट, निकेल, लिथियम तिच्यातच असते. ही भुकटी बनवणे तुलनेने सोपे, तिच्यातून शुद्ध क्षार काढणे अवघड आणि खर्चाचे. त्यामुळे अनेक जण भुकटीपाशीच थांबतात आणि ती पुढे विकतात. १,५०० कोटींच्या योजनेत म्हणूनच असे स्पष्ट म्हटले आहे की प्रोत्साहन प्रत्यक्ष खनिज काढणाऱ्यांना मिळेल, निव्वळ काळी भुकटी बनवणाऱ्यांना नाही. हेतू चांगला आहे. पण याच अटीमुळे चुंबक वेगळे काढून ठेवणारी धातुवेध यांच्यासारखी तोडणीची जागा योजनेच्या बाहेर राहते, कारण ती काहीच शुद्ध करत नाही, फक्त वेगळे करते. फोरमनकाकांचे विवेचन खरे मानले तर वेगळे करणे हाच साखळीतला निर्णायक टप्पा आहे, आणि त्यावर एक रुपयाही नाही.

चिकित्सक यांनी भावाविषयी लिहिलेले आम्ही अंगावर अनुभवले. लिथियम कार्बोनेटचा चीनमधला भाव २०२२ च्या अखेरीस शिखरावर होता आणि साधारण सव्वा वर्षात तो एक-पंचमांशाच्या खाली आला. त्यात भर अशी की आता अनेक विजेच्या गाड्यांत लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या येतात. त्यांत कोबाल्ट नाही आणि निकेलही नाही, म्हणजे ज्या धातूंच्या जिवावर आमचा ताळेबंद उभा राहतो तेच नाहीत.

घरगुती बॅटऱ्यांविषयी एक विनंती करते. फुगलेली बॅटरी कोणत्याही परिस्थितीत टोचू नका, ओल्या कचऱ्यात टाकू नका आणि पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ढीग लावून ठेवू नका. आमच्याकडे येणाऱ्या मालापैकी आग लागलेला माल मी स्वतः उतरवून घेतला आहे, आणि तो टेम्पो चालवणाऱ्या मुलाचे हात भाजले होते.


मुळाकाठ

धातुवेध, आपला प्रश्न वाचून मला राहवले नाही. मी पुण्यात कचरावेचक महिलांबरोबर काम करते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ पासून या शहरात आहे आणि पुढे तिच्यातूनच घरोघरी कचरा गोळा करणारी स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली. मी त्यांच्या वतीने बोलत नाही, पण त्या कामाकडे अनेक वर्षे जवळून पाहत आले आहे.

वेगळे करणे हा निर्णायक टप्पा आहे असे येथे तीन जणांनी तीन वाटांनी सांगितले. वेगळे करण्याची विद्या आपल्या देशात कोणाकडे आहे? ती भंगारवाल्याकडे आहे, वस्तीतल्या बाईकडे आहे. मोबाइलचा बोर्ड, संगणकाचा बोर्ड आणि दूरचित्रवाणीचा बोर्ड यांचे भाव वेगवेगळे असतात हे तिला कोणी शिकवलेले नसते. ती रंगावरून, वजनावरून, कडेच्या सोनेरी पट्टीवरून ओळखते. चुंबकाला भाव मिळाला तर दुसऱ्या दिवशीपासून शहरातले एकही चुंबक लोखंडात जाणार नाही, हे मी खात्रीने सांगते. तांब्याच्या तारेचे असेच झाले आहे, कारण तांब्याचा भाव प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

आणि आपण या माणसांना कायद्यात कुठे ठेवले? २०१६ च्या नियमांत तोडणी करणाऱ्याला स्वतंत्र नाव होते. २०२२ च्या नियमांत नोंदणी आहे ती निर्माता, उत्पादक, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनर्चक्रीकरण करणारा या चौघांची. गोळा करणारा आणि तोडणारा यांची स्वतंत्र नोंद त्यात उरली नाही. काम त्यांच्याच हातून होते, पण कागदावर ते हात दिसत नाहीत. भाव द्यायचा तरी कोणाच्या नावे, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

या हातांना आज काय मिळते तेही येथे लिहिले पाहिजे. दिल्लीत सीलमपूरला आणि उत्तर प्रदेशात मुरादाबादला बोर्ड जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढला जातो, हे अनेक वर्षे जाहीर आहे. त्या धुरात शिसे असते, त्या पाण्यात आम्ल असते आणि मुरादाबादला ते रामगंगेत जाते. तशाच रीतीने, लहान प्रमाणावर, आपल्या महानगरांच्या कडेलाही काम चालते. सोने आणि तांबे तेवढे निघते, बाकी सारे राखेत जाते. म्हणजे सर्वांत घातक पद्धतीत माणूसही जातो आणि दुर्मीळ धातूही जातो. जाळण्यावर बंदी घालून हे थांबले नाही. न जाळता, नुसते उघडून आणि छाटून दिलेल्या मालाला जाळलेल्या मालापेक्षा अधिक पैसे मिळाले, तरच ते थांबेल.

टोकियोच्या ऑलिंपिकसाठी जपानने २०१७ ते २०१९ या काळात नागरिकांकडून सुमारे ७८,९८५ टन जुनी उपकरणे गोळा केली आणि त्यांतून निघालेल्या ३२ किलो सोन्यातून व ३,५०० किलो चांदीतून पदके घडवली. त्या उपक्रमाचे कौतुक मलाही आहे. मला त्यात सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट म्हणजे टपाल कार्यालये, शाळा आणि नगरपालिका यांनी ठेवलेल्या साध्या पिवळ्या पेट्या. लोकांनी वस्तू आणून दिल्या, कारण पेटी घराजवळ होती. आपल्याकडे पेटी ठेवण्याचीही गरज नाही, रोज दारात येणारी बाई आहे. तिला एक वेगळी पिशवी, हातमोजे आणि ठरलेला दर द्या.


सांजवेळ

मुळाकाठ यांचे वाचल्यावर मी घरातले कपाट उघडले. चार जुने मोबाइल, एक बंद लॅपटॉप आणि दोन हार्ड डिस्क निघाल्या. लॅपटॉपची बॅटरी किंचित फुगलेली दिसते आहे. कोष, ती तशीच कोरड्या जागी, बाकीच्यांपासून वेगळी ठेवली तर चालेल का?


कोष

होय, सांजवेळ. ती चार्ज करू नका, दाबू नका, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, कोरड्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवा आणि लवकरात लवकर नोंदणीकृत ठिकाणी द्या.


जुना_फोरमन

मुळाकाठताई, तुमचा मुद्दा मला आजवर सुचला नव्हता याचा खेद वाटतो. आम्ही भट्टीवाले नेहमी माल दारात आल्यापासून विचार सुरू करतो.

धातुवेध, तुमच्या मूळ अडचणीवर एक तांत्रिक वाट मला दिसते आहे. माहिती साठते ती डिस्कमधल्या गोल चकत्यांवर. चुंबकाच्या पट्टीवर काहीही साठत नाही, ती केवळ वाचणारा दांडा हलवण्यासाठी असते. चुंबक आधी काढून घेतले आणि उरलेली डिस्क चकत्यांसह श्रेडरमध्ये टाकली, तर गुप्ततेला तिळमात्र बाधा येत नाही. अखंड डिस्क चिरडण्याची अट कार्यालयांनी विचारपूर्वक घातलेली नसून सवयीने घातलेली असते. तुम्ही त्यांना लेखी विचारून पाहावे. चित्रीकरण झाकण उघडण्यापासून सुरू करावे, म्हणजे चकत्या कुठेही बाजूला गेल्या नाहीत हे त्यांनाही दिसेल.


धातुवेध

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या चार दिवसांत जे केले ते येथे नोंदवतो.

काकांच्या सांगण्यावरून त्याच कार्यालयाच्या माहिती-सुरक्षा विभागाला पत्र लिहिले आणि पुढच्या मालासाठी अटीत एक ओळ बदलण्याची विनंती केली. प्रत्यक्ष दाखवता यावे म्हणून त्यांच्या एका अधिकाऱ्यासमोर डिस्क उघडली, चुंबक काढले आणि चकत्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी चकतीच्या आरशात स्वतःचा चेहरा पाहिला आणि विचारले, की माहिती एवढीच असते का. लेखी उत्तर अजून आलेले नाही, परंतु पुढचे २०० नग आमच्या पद्धतीने करून दाखवण्यास तोंडी होकार मिळाला आहे.

मालकांशीही बोललो. त्यांचा प्रश्न रास्त होता : डिस्कमागे तीन मिनिटांची मजुरी कोण देणार? आम्ही असे ठरवले की बोर्ड आणि ॲल्युमिनियमचा साचा वेगवेगळा, स्वच्छ काढल्यामुळे जो वाढीव भाव मिळेल त्यातून ती मजुरी भागते का, हे या २०० नगांवर मोजायचे. ॲल्युमिनियम लोखंडापासून सुटे झाले की त्याचा दर बराच सुधारतो, हे आम्हाला पूर्वीच्या अनुभवावरून ठाऊक आहे. चुंबकाचे पैसे सध्या शून्य धरले आहेत.

चुंबकांच्या पट्ट्या लाकडी खोक्यात, मध्ये पुठ्ठे घालून रचतो आहोत आणि खोक्यावर उपकरणाचा प्रकार व वजन लिहितो आहोत. चिकित्सक यांनी म्हटल्याप्रमाणे मोटरींच्या चुंबकांसाठी वेगळे खोके केले आहे, कारण डिस्प्रोसियम असलेले आणि नसलेले चुंबक एकत्र झाले की त्याची किंमत पुन्हा खाली येते. मोटर उघडणे डिस्कपेक्षा फार कठीण आहे. चुंबक आतल्या गाभ्यात पुरलेले असते आणि ते न फोडता काढण्याची रीत आम्हाला अजून सापडलेली नाही. कोणाला त्याचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर अवश्य लिहावे.

मुळाकाठताई, आपल्या परिचयातल्या दोन-तीन महिलांना आमच्याकडे येऊन हे काम पाहायला आवडेल का, हे कृपया विचारावे. डिस्क ओळखणे आणि न फोडता आणणे यासाठी आम्ही नगावर दर द्यायला तयार आहोत. तो दर काय असावा हे मी ठरवण्यापेक्षा त्यांनी सांगितलेला बरा. शनिवारी दुपारी दोननंतर यंत्र बंद असते, तेव्हा बोलायला शांतता मिळेल.